पत्रा मात्र जुनाच पाहिजे

ज्ञानोबारावांचा उजवा पाय गाडीच्या तळातून आरपार खाली गेला, तेव्हा त्यांच्या तोंडात विडा होता. त्यामुळं त्यांना ओरडता आलं नाही. नुसतं "अं... अं..." करत त्यांनी दाराची कड धरली. पुढं बसलेल्या बजरंगला वाटलं, पुरणपोळ्या जास्त झाल्या म्हणून व्याही सुस्कारे टाकतायत. त्यानं समाधानानं गाडी पुढं घेतली.

मग सगळी आळी एकदम ओरडली. बजरंगनं आरशात पाहिलं. व्याही मागच्या सीटवर बसलेले होते आणि तरीही एका पायानं सास्तूरच्या मातीतून गाडीबरोबर चालत होते. त्यानं ब्रेक दाबला. पाय वर आला, पायताण खालीच राहिलं.

ज्ञानोबाराव म्हणजे कळंबच्या मोंढ्यातले, धान्यबाजारातले नावाजलेले आडते, बजरंगच्या एकुलत्या एका लेकीचे, निकिताचे सासरे. ते उतरले, विडा थुंकला, पायताण झटकून पायात घातलं आणि जमलेल्या लोकांच्या देखत म्हणाले, "व्याही, ज्या गाडीत बसून बी चालावं लागतं, अशी गाडी म्या आज पहिल्यांदा बघितली."

लोक हसले. बजरंगही कसाबसा हसला. पण पुढचं वाक्य ऐकून त्याचं हसू मावळलं.

"निकिताला बाळंतपणाला न्यायला या, जरूर या. डोहाळजेवण झालं की लगेच घेऊन जावा. पण या गाडीत माझी सून बसणार न्हाय. म्या भाड्याची गाडी करून देतो."

बजरंगला हे असं लागलं की रात्री भाकरी गोड लागेना. पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज. लेकीला बापानं आणायचं, हाही रिवाज. आणि आणायची कशात, तर व्याह्यानं भाड्यानं करून दिलेल्या गाडीत! गावात तोंड कुठं दाखवायचं?

"म्हंजे पोरगी आमची, माहेर आमचं, अन् गाडी त्यांची?" तो बायकोला म्हणाला.

"मग काय चुकलं त्यांचं?" विठाबाई भांडी आवरता आवरता म्हणाली. "पाय गेला त्यांचा खाली. उद्या पोरगी गेली तर? किती येळा म्हणलं, त्या खटाऱ्याला भंगारात घाला."

"खटारा म्हणू नगं. भूकंपात घर पडलं, तवा आख्खं घर या गाडीत झोपलं व्हतं."

"तुमचा भूकंप ऐकून ऐकून माझं कान किटलं. तवा तिला तळ व्हता!"

ती पांढरी अँबेसिडर बजरंगच्या वडिलांची. त्र्याण्णवच्या त्या पहाटेनंतर पत्र्याचे निवारे उभे राहीपर्यंत म्हातारी, पोरं आणि एक शेळी तिच्यात दाटीवाटीनं राहिली होती. बजरंग तेव्हा मिसरूड फुटलेला पोरगा होता. टपावर पाऊस वाजायचा आणि आत कोरडं असायचं, एवढी एकच गोष्ट त्याच्या मनात पक्की बसली होती. ती गाडी भंगारात गेली, तर आपलंच काहीतरी मोडीत निघेल असं त्याला वाटायचं. हे त्यानं कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

"ऐक," तो उठून उभा राहिला. "याच गाडीत पोरीला आणीन. अन् आधी व्याह्याला बसवीन. त्यांच्या राजीखुशीनं!"

"न्हाय बसले तर?"

"तर तुझा तो भंगारवाला. म्या सोता ढकलत न्हेऊन देईन."

विठाबाईनं लगेच देवापुढं हळदीकुंकू वाहिलं. मागणं कुणाच्या बाजूनं घातलं, हे तिनं सांगितलं नाही.

बजरंगच्या जिद्दीची गावाला ओळख होती. एकदा त्याची कुऱ्हाड बाभळीत रुतून बसली. निघेना. तेव्हा त्यानं शेजाऱ्याची कुऱ्हाड आणून ती सगळी फांदीच तोडली आणि फांदीसकट आपली कुऱ्हाड घरी आणली. अशा माणसानं एकदा मनावर घेतलं की बाकीच्यांनी बाजूला व्हावं हे बरं.

दुसऱ्या दिवशी तो दोन गोणपाटं तळावर टाकून गाडी लोहाऱ्याला घेऊन गेला. तिथं महालिंगप्पाचं वेल्डिंगचं दुकान होतं. महालिंगप्पा मूळचा कर्नाटकच्या सीमेवरचा. त्यानं गाडीतली सतरंजी उचलली, पेचकस घेतला आणि तळाला टोचला. पेचकस आत गेला. वीतभर सरकून पुन्हा टोचला, पुन्हा आत गेला. मग त्यानं टोचणं सोडून दिलं.

"अण्णा, हिला तळच न्हाय की. सतरंजी हाय म्हणून तळ हाय असं वाटायलंय. ह्यातनं काय न्हेलाव?"

"माणसं."

"माणसानं येवढं सडत न्हाय."

बजरंग इकडंतिकडं बघत म्हणाला, "एखाद-दुसरं युरियाचं पोतं न्हेलं असंल."

"एखाद-दुसरं?"

"दर पावसाळ्याला. थोडं शेणखत बी."

महालिंगप्पानं कपाळाला हात लावला. "शेतात टाकायचं खत गाडीला टाकलाव. मग काय उगवंल? गंजच उगवंल."

काम करून देतो म्हणाला, पण पत्रा बजरंगनं आणायचा. बजरंगनं धाराशिवला जाऊन नवा कोरा पत्रा आणला. महालिंगप्पानं तो दोन बोटांत धरून वाकवला आणि सोडून दिला. पत्रा बराच वेळ थरथरत राहिला.

"हे पापड हाय. तुझं व्याही वजनदार माणूस. ह्यातनं दोन्ही पाय जातंय. पत्रा पायजे तर जुनंच पायजे. जाड. पूर्वीच्या लोखंडाचं."

मग बजरंग जुन्या पत्र्याच्या शोधाला लागला. शेजाऱ्याच्या गोठ्याचं दार त्यानं वाजवून पाहिलं, तेव्हा शेजाऱ्यानं त्याला आत बोलावून चहा पाजला आणि जाईपर्यंत दारावरची नजर काढली नाही. घरातली धान्याची कोठी चांगल्या जाड पत्र्याची होती. तो तिच्या झाकणावर टिचक्या मारत उभा असलेला दिसला, तशी विठाबाई कोठीवर चढून बसली आणि तो घराबाहेर पडेपर्यंत उतरली नाही.

शेवटी जावई मदतीला आला. इंद्रजितला सासऱ्याचा अपमान जिव्हारी लागला होता, कारण घरी निकिता त्याच्याशी धड बोलत नव्हती.

"मामा, पत्रा सापडला," त्यानं फोनवर दबक्या आवाजात सांगितलं. "आमच्या आडतीचा जुना बोर्ड. आता लाइटचा बोर्ड लावलाय, त्यो गोडाऊनच्या मागं नुसता पडून हाय. लई दणकट. लोहाऱ्याला माल घेऊन टेम्पो चाललाय, त्यात टाकून देतो."

"व्याह्यांना इचारलं का?"

"दादांना सांगून काय करायचं? ते वर्षात तिकडं फिरकले न्हाईत. पण मामा, एक करा. रंगाची बाजू खाली घाला."

रंगाची बाजू खाली का, ते टेम्पो आल्यावर कळलं. बोर्ड खरोखर दणकट होता, उचलायला दोन माणसं लागली. त्यावर जुन्या पेंटरच्या वळणदार अक्षरात वर लिहिलं होतं, 'श्री तुळजाभवानी प्रसन्न'. मधोमध मोठ्या लाल अक्षरात, 'रंगनाथ निवृत्ती आणि मंडळी'. खाली, 'आडत दुकान, मोंढा, कळंब', आणि अगदी तळाला फोन नंबर. रंगनाथ म्हणजे ज्ञानोबारावांचे वडील, आबा. ते गेल्यावर नावाआधी 'कै.' घालायला जागा उरली नव्हती, म्हणून कुणीतरी ते कोपऱ्यात बारीक करून कोंबलं होतं.

महालिंगप्पानं बोर्ड पाहिला आणि हातातलं कटर खाली ठेवलं.

"आईचं नाव पायाखाली म्या घालत न्हाय. काही बी झालं तरी."

"म्या तरी कुठं घाल म्हणतो? ती पट्टी येगळी कर."

देवीच्या नावाची पट्टी वेगळी कापली. बजरंगनं ती धुवून, फडक्यात गुंडाळून बाजूला ठेवली. पुढं ती त्याच्याच गोठ्याच्या दारावर लागली. आता उरले आबा.

"हे तर माणूसच," महालिंगप्पा विचार करत म्हणाला. "पण पाव्हण्याचं बाप."

बजरंग दुकानाच्या दारापर्यंत गेला. पण डोळ्यांपुढं व्याह्यानं केलेली भाड्याची गाडी आली आणि तो परत फिरला. त्यानं स्वतःशीच हिशेब मांडला. नाव खालच्या अंगाला. पाय लागणार तो पाठीमागच्या बाजूला. कोऱ्या लोखंडाला. त्यात पाप कसलं? शिवाय महालिंगप्पाच्या मते रंग रस्त्याच्या बाजूला असला की चिखलानं गंजही धरत नाही. म्हणजे आबांचं नाव गाडीचं रक्षणच करणार.

"अन् वरून डांबर मार," बजरंग म्हणाला. "दिसलं न्हाय पायजे."

तळाच्या मापानं बोर्डाचे तुकडे झाले. सगळ्यात मोठा, आबांच्या नावाचा, मागच्या सीटपुढं बसला. पुढं डावीकडं मोंढा आणि कळंब आलं. ड्रायव्हरच्या पायाखाली फोन नंबर आला. वेल्डिंग झालं, डांबर झालं. बजरंगनं गाडीत उभं राहून उड्या मारल्या. डोकं टपाला आपटलं, तळ हलला नाही. टेंगूळ चोळत तो घरी आला तो आठवड्यात पहिल्यांदा गाणं गुणगुणत.

बोर्ड कुणाचा, हे त्यानं विठाबाईला सांगितलं नाही.

डोहाळजेवणाच्या दिवशी धुऊन पुसून लखलखीत केलेली अँबेसिडर बजरंगला आणि विठाबाईला घेऊन कळंबात ज्ञानोबारावांच्या दारात उभी राहिली. त्याच दारात पलीकडं भाड्याची गाडी आधीच येऊन उभी होती. तिचा ड्रायव्हर तंबाखू मळत अँबेसिडरकडं दयेनं बघत होता.

आत बायकांची गाणी चालली होती. हिरव्या साडीतली, फुलांनी मढलेली निकिता खिडकीतून डोकावली, बापाची गाडी बघितली आणि तिचा चेहरा फुलला. बजरंगला तेवढं पुरेसं झालं. तो थेट व्याह्यांपुढं गेला.

"व्याही, तळ नवा टाकलाय. आधी तुमी बसून बघा. मनाला आलं तर सून बसवा. न्हाय आलं तर ही गाडी म्या परत तुमच्या दारात आणणार न्हाय."

ज्ञानोबाराव व्यवहारी माणूस. त्यांनी दार उघडलं, एक पाय आत टाकून दाबला. मग दोन्ही. मग दाराला धरून, धोतर सावरून, चांगली उडी मारली. गाडी हलली, तळ हलला नाही. त्यांनी इंद्रजितलाही उडी मारायला लावली. इंद्रजितनं अगदी हलकी, पाहुण्यासारखी उडी मारली.

"वा!" ज्ञानोबाराव म्हणाले. त्यांनी बोटानं तळ ठोकला. "वाजतोय कसा बघा. असा पत्रा आता मिळत न्हाय. कुठनं पैदा केला?"

"जुना हाय," बजरंग म्हणाला.

"ते कळलं. पण कुठला?"

"असाच... पडून व्हता कुणाकडं तरी."

इथं थांबले असते तर बरं झालं असतं. पण ज्ञानोबारावांचा सारा जन्म मोंढ्यात गेला होता. पोत्याच्या तोंडाशी चांगलं धान्य आणि पोटात खडे, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं. पोत्यात खुपसून आतलं धान्य बाहेर काढायची एक टोकदार लोखंडी नळी त्यांच्या हाताशी कायम असायची. ती खुपसल्याशिवाय त्यांनी सख्ख्या भावाचाही माल घेतला नव्हता.

"खालून बघतो," ते म्हणाले. "वेल्डिंग नुसतं ठिपके देऊन बी करतात लोक."

"व्याही, धोतर खराब हुईल!"

"हुंद्या. सुनेचा सवाल हाय."

आणि कुणी अडवायच्या आत त्यांनी गाडीजवळ गोणपाट अंथरलं आणि उताणे होऊन आत सरकले. बजरंगला काही सुचेना. तोही दुसरं गोणपाट घेऊन शेजारी सरकला. दोघे व्याही गाडीखाली खांद्याला खांदा लावून पडले. बाहेरून फक्त चार पाय दिसत होते. ओटीची ताटं घेऊन जाणाऱ्या बायका ते ओलांडून जात होत्या.

"जोड पक्का हाय," ज्ञानोबाराव नळीनं टोचत म्हणाले.

"व्हय की. चला आता."

"थांबा. डांबर किती जाड हाय बघू." त्यांनी खरवडलं. डांबराची खपली पडली. "हे काय? रंग हाय खाली. अक्षर दिसायलंय. 'कै.' व्याही, तुमच्या गाडीखाली कैलासवासी कोण?"

"असंल कुणी. जुना पत्रा हाय."

ज्ञानोबारावांचा हात थांबला. ते त्या कोपऱ्यात कोंबलेल्या बारीक 'कै.'कडं टक लावून बघत राहिले.

"हे 'कै.' म्या घालून घेतलेलं हाय," ते हळू आवाजात म्हणाले. "जागा न्हाय म्हणून पेंटर भांडला व्हता माझ्याशी."

बजरंगनं डोळे मिटले. नळी खरवडत गेली. खपल्या त्याच्या तोंडावर पडत होत्या. 'रं' आला, 'ग' आला. गाडीच्या कडेला इंद्रजितचे बूट दिसत होते. ते हळूहळू मागं सरकायला लागले.

"इंद्रजित!" गाडीखालून गर्जना झाली.

बूट जागच्या जागी थांबले.

ज्ञानोबाराव बाहेर आले तेव्हा धोतरावर डांबर होतं आणि चेहऱ्यावर त्याहून काळं काहीतरी. गाणी थांबली. बायका दारात आल्या. काय झालं ते विठाबाईला चार वाक्यांत कळलं. तिनं नवऱ्याकडं असं पाहिलं की बजरंगला परत गाडीखाली जावंसं वाटलं.

"म्या या गाडीत बसणार न्हाय," ज्ञानोबाराव म्हणाले. "सून बी बसणार न्हाय. बापाच्या नावावर पाय ठिवायची आमच्यात रीत न्हाय."

"नाव खालच्या अंगाला हाय, व्याही," बजरंग काकुळतीला आला. "पाय लागतो त्यो पाठीला."

"म्हंजे बापाच्या पाठीवर पाय देऊ म्हणता?"

संपलंच होतं. भाड्याच्या ड्रायव्हरनं तंबाखू तोंडात टाकली आणि आपल्या गाडीचं दार उघडलं. खिडकीतून निकिता बापाकडं बघत होती. तिच्याकडं बघायचं धाडस बजरंगला झालं नाही. त्यानं गाडीच्या टपावर हात ठेवला, ओला नसलेला टप उगीचच पुसला.

विठाबाईनं ते पाहिलं. गेले कित्येक दिवस हा माणूस वेड्यासारखा पत्रा शोधत हिंडला, हेही तिनं पाहिलं होतं. ती डोक्यावरचा पदर सारखा करत पुढं आली.

"पाव्हणं, एक इचारू का? राग मानू नगा."

"इचारा, इहीणबाई."

"आमचा बा दिवसभर नांगर हाणून यायचा अन् उताणा... न्हाय, पालथा पडायचा. म्हणायचा, पोरांनू, पाठ तुडवा. आमी भावंडं चढायचो अन् तुडवायचो. तुमच्याकडं न्हवतं का असं?"

ज्ञानोबारावांनी उघड्या दारातून गाडीच्या तळाकडं पाहिलं.

"आबा दुकान काढायच्या आधी हमाल व्हते," ते म्हणाले. "दिवसभर पोती वाहायचे. रोज रात्री म्या तुडवायचो. म्या हळू तुडवलं तर वरडायचे. दे जोर म्हणायचे."

"मग?" विठाबाई म्हणाली. "तवा पाप लागलं न्हाय, अन् आता लागतंय व्हय? गोडाऊनच्या मागं पडून व्हते आबा. आता नातसुनेला माहेरी पोचवायलेत."

कुणीतरी नाक ओढलं. ते ज्ञानोबाराव होते. त्यांनी पायातलं पायताण काढून इंद्रजितच्या हातात दिलं, गाडीचा तळ हातानं पुसला, हात कपाळाला लावला आणि अनवाणी पाय आत ठेवून मागच्या सीटवर बसले. मग डोळे मिटून जरा जोर दिला.

"चला," ते म्हणाले. "सुनेला बसवा. म्या बी येतो सास्तूरला."

बजरंगला हसावं की रडावं कळेना. त्यानं दोन्ही एकदमच केलं.

आबांवर पाय द्यायचा मान दुसऱ्या कुणाला नव्हता, त्यामुळं मागची सगळी सीट ज्ञानोबारावांची झाली. पुढच्या सलग सीटवर बजरंग, मधे विठाबाई आणि खिडकीशी निकिता. गाडी सुटली तेव्हा मोंढ्यातले लोक बघत होते. बजरंगनं ऐटीत हॉर्न वाजवला आणि ॲक्सिलरेटर दाबला.

"हळू!" मागून आवाज आला. "खड्डा हाय. आबांना लागंल."

गाडी हळू झाली. पुढच्या खड्ड्याला आणखी हळू. त्यापुढच्या खड्ड्याला ज्ञानोबारावांनी गाडी थांबवली, गोणपाट काढून खाली सरकले, आबांच्या नावाचा टवका उडाला नसल्याची खात्री केली आणि परत येऊन बसले. असं येडशीच्या अलीकडंच किती वेळा झालं, त्याला गणती नाही. एक ऊस भरलेली बैलगाडी त्यांना मागं टाकून गेली. बैलांनीसुद्धा वळून पाहिलं.

"अण्णा, एवढं सुखानं मला आजवर कुणी न्हेलं न्हाय," निकिता म्हणाली आणि खिडकीला डोकं टेकून झोपी गेली.

बजरंग छाती फुगवून बायकोकडं कलला. "बसले का न्हाय व्याही? राजीखुशीनं?"

"बसले की."

"मग भंगारवाल्याला काय सांगायचं?"

विठाबाईनं समोरच्या रिकाम्या रस्त्याकडं पाहिलं, मग मागं वळून, डोळे मिटून आबांच्या पाठीवर अलगद पाय दाबत बसलेल्या व्याह्यांकडं.

"गाडी ठिवा," ती म्हणाली. "जलमभर ठिवा. पण पुढच्या स्टँडवर मला उतरवा. मी एसटीनं म्होरं जाते. तुमी यायच्या आत सैपाक तरी हुईल."